श्रीरामपूरची ऋतुजा

नोव्हेंबर 2024 मध्ये रियाधला महिला टेनिसच्या डब्ल्यूटीए फायनल्स झाल्या, कोको गॉफ जिंकली. तेव्हापासून इथे सौदीतल्या अबकैकमध्येही टेनिसच्या गप्पा रंगतात. मी मात्र प्रत्येकाला आपल्या भारताच्या टेनिसपटू ऋतुजा भोसलेबद्दल सांगतो.

ऋतुजाचा जन्म श्रीरामपूरचा, 1996 चा. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तिची मजल अडीचशेच्या आत, पण दोनशेच्या बाहेरच. ही जागा फार अवघड. ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी हाताच्या अंतरावर, आणि तिथे पोहोचायला आयटीएफच्या छोट्या स्पर्धा खेळत देशोदेशी फिरायचं. बक्षीस तुटपुंजं, तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक हा खर्च बहुतेकदा खेळाडूचाच.

2020 मध्ये आखातातच, दुबईत, भारत पहिल्यांदा फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेच्या प्ले-ऑफला पात्र ठरला. ऋतुजा त्या संघात होती. आणि 30 सप्टेंबर 2023, हांगझोऊ! आशियाई स्पर्धेची मिश्र दुहेरीची अंतिम लढत, जोडीला 43 वर्षांचा रोहन बोपण्णा. चिनी तैपेईविरुद्ध पहिला सेट 2-6 गेला. मग 6-3, आणि निर्णायक सुपर टायब्रेक 10-4. सुवर्ण!

माझ्या मते क्रमवारीपेक्षा हे पदक तिची खरी ओळख सांगतं. तो सामना मिळाला तर जरूर बघा.