पोळ्याच्या करीला उभे राहणारे प्रदर्शन

पोळ्याच्या करीला सावरगावचे नाव देशभर जाते ते दगडांमुळे. जाम नदीच्या पात्रात झेंडा लावलेला पळस रोवतात, एका काठावर सावरगाव आणि दुसऱ्या काठावर पांढुर्णा उभे राहते, आणि एकमेकांवर दगड फेकण्याची गोटमार सुरू होते. तिच्यात माणसे जायबंदी झाली, काहींचे जीवही गेले. बातमीत तेवढेच उरते. पण भाद्रपद प्रतिपदेचा हाच दिवस जुन्या भोसल्यांच्या मुलखात सुतार, चितारी आणि बांबूकाम करणाऱ्यांचाही आहे, आणि त्यांच्याकडे आपण फार कमी पाहिले.

मागे गेले तर धागा नागपूरच्या राजवाड्यापर्यंत पोहोचतो. दुसरे रघुजी भोसले यांनी 1806 मध्ये लहान मुलांसाठी लाकडी बैलांचा तान्हा पोळा सुरू केला, असे नागपूरकर सांगत आले आहेत. खरा बैल पोरांना आवरत नाही, म्हणून लाकडाचा. राजाची ही हौस सुताराच्या दुकानात उतरली आणि तिथेच वाढली. सागवानाच्या ठोकळ्यातून वशिंड, मानेची पोळी, पुढे टाकलेला पाय काढायचा. खाली पाट आणि चाके. मग रंग, झूल, घुंगरमाळ. डोळा शेवटी रंगवतात. चांगल्या कारागिराचा बैल दुरून ओळखता येतो, कारण त्याची मान ताठ असूनही लाकडासारखी दिसत नाही. करीला पोरे नटूनथटून हे बैल ओढत घरोघर जातात, बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, घेतात, आणि मैदानात बैल ओळीने उभे राहतात. तिथे म्हातारी माणसे पोरांपेक्षा बैलांकडे जास्त वेळ बघतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर माणसाच्या उंचीचे नंदी मिरवणुकीने निघतात आणि ते पाहायला आसपासची गावे लोटतात.

दुसरा धागा जळून जाणाऱ्या कलेचा. नागपुरात याच दिवशी मारबत नावाचे पुतळे मिरवतात: काळी मारबत 1881 पासून आणि तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत 1885 पासून निघते. काळीचे नाते बांकाबाई भोसले यांनी इंग्रजांना साथ दिल्याच्या रागाशी जोडतात. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड, रंग, असे आठवडे खपून उभे केलेले काम एका दिवसात मिरवून जाळायचे. सोबत बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, असतात: महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना जे छळत असेल ते. स्वतःची वस्तू जाळण्यासाठीच इतक्या निगुतीने करणारा कलावंत मला फार मोठा वाटतो.

विदर्भातल्या घरांतही मारबतीचे छोटे रूप आहे. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतात आणि करीच्या पहाटे रोगराईला हाकलत गावाबाहेर नेऊन टाकतात. जाम नदीतला पळस पाहताना मला हे मेढे आठवतात. दोन्हींचे मूळ एक, असा दावा मी करत नाही; झाड तेच आणि दिवस तोच, एवढे मात्र खरे.

एकाच मुलखाच्या या गावांमध्ये पुढे सीमा आली: 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. 2023 मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. नकाशा असा दोनदा बदलला, तरी पोळा आणि मराठी दोन्ही बाजूंना राहिली. विदर्भातल्या कलांच्या नोंदींत मात्र सीमेपलीकडची ही गावे क्वचितच येतात. सावरगावातल्या सुताराने काय घडवले, कोणत्या घरात किती जुना बैल आहे, हे विचारायला कोणी फिरकत नाही. गोटमारीच्या दिवशी कॅमेरे मात्र हमखास येतात.

दरम्यान बैलच कमी झाले. शेतात ट्रॅक्टर आला, गोठे ओस पडले. लाकूड महागले, तेव्हा फायबरचे साच्यातले बैलही बाजारात आले. ते हलके आणि स्वस्त असतात; ज्या बापाच्या खिशाला सागवान परवडत नाही, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण साच्यातला प्रत्येक बैल एकाच तोंडाचा निघतो. पणजोबाचा बैल दरवर्षी नव्याने रंगवून पणतू ओढतो, अशी घरे अजून आहेत, आणि त्या बैलांच्या पोटाखाली कुठेही कोरणाऱ्याचे नाव नसते.

तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेत बक्षीस मुलाला मिळते, सजावटीला मिळते. चिठ्ठीवर मुलाच्या नावाखाली एक ओळ वाढवावी: बैल कोणी घडवला. सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांनी ती नोंद आपल्या गावातून गोळा करायला घ्यावी, आणि हातात अजून वाकस धरणारे म्हातारे आहेत तोवर घ्यावी.