न छापलेलं वाक्य

'नगरपालिकेने खड्ड्यांच्या तक्रारींसाठी मोबाईल अ‍ॅप सुरू केलं. वर्षभरात तक्रारी तिप्पट झाल्या. त्यामुळे शहरातले रस्ते आणखी बिघडले आहेत, हे उघड आहे.'

उतारा मी रचलेला आहे, पण तर्कक्षमतेच्या पेपरमधले उतारे साधारण असेच असतात. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून 'सीसॅट' आला, वकिलीच्या 'क्लॅट'मध्ये २०२० पासून उताऱ्यांवरचे प्रश्न आले, आणि असल्या मजकुराशी झुंजणं लाखो मुलांच्या नशिबी आलं. मुलं वैतागतात, ते समजण्यासारखं आहे. पण या चार ओळींची वीण उसवून पाहिली की प्रश्न काढणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

आधी निष्कर्ष शोधायचा. इथे 'त्यामुळे'ने तो दाखवून दिलाय. बेरकी पेपरात तो पहिल्याच वाक्यात बसवलेला असतो आणि कारणं मागून येतात. बाकी उरतो तो पुरावा. आता नीट बघा: पुरावा तक्रारींबद्दल आहे, निष्कर्ष खड्ड्यांबद्दल. मधे फट आहे आणि ती बुजवणारं वाक्य कुठेच छापलेलं नाही: 'तक्रार करणं पूर्वीइतकंच सोपं किंवा अवघड राहिलं आहे.' अख्खा युक्तिवाद या गैरहजर वाक्यावर उभा आहे!

गंमत पुढेच आहे. गृहीतक विचारलं तर उत्तर हेच वाक्य. युक्तिवाद कमकुवत करायला सांगितला, तर 'पूर्वी तक्रारीसाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घालावे लागत.' बळकट करायचा, तर 'पालिकेने स्वतः केलेल्या मोजणीतही खड्डे वाढलेले आढळले.' फट एकच, तिच्यातून प्रश्न तीन निघाले. आणि कमकुवत करणं म्हणजे रस्ते छान आहेत हे सिद्ध करणं नव्हे. या पुराव्यावरून ते कळत नाही, एवढं दाखवलं की पुरे.

चुकीचे पर्याय रचण्यात तर खरी कारागिरी. 'पावसाळ्यात खड्डे वाढतात' हे सोळा आणे खरं, पण इथे गैरलागू. 'प्रत्येक तक्रार खरी असते' याला हमखास फसतात, कारण ते गृहीतकासारखं दिसतं. ते उलटं करून पाहा: काही तक्रारी खोट्या निघाल्या. तरी खोट्यांचं प्रमाण पूर्वीइतकंच असेल तर युक्तिवाद हलत नाही. म्हणजे त्याला या वाक्याची गरजच नव्हती. आता खरं गृहीतक उलटं करा: तक्रार करणं खूप सोपं झालंय. युक्तिवाद बसला खाली.

ही चाळणी आपल्याकडे फार जुनी आहे. न्यायदर्शनाचं आवडतं अनुमान आहे, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे. ते चालतं, कारण जिथे धूर तिथे आग असतेच. उलट बाजूने मात्र चालत नाही. आग आहे म्हणून धूर असणारच असं कोणी म्हटलं, की नैयायिक लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा पुढे करतो: आग आहे, धूर कुठाय? धूर निघायला सरपण ओलं लागतं आणि ती अट बोलणाऱ्याने सांगितलेलीच नव्हती. अशा लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणत. बिघडलेल्या हेतूंचे म्हणजे हेत्वाभासांचे पाच प्रकार गौतमाच्या न्यायसूत्रांतच मोजलेले आहेत. त्यांपैकी 'साध्यसम' म्हणजे जे सिद्ध करायचं त्याच्याइतकंच असिद्ध कारण पुढे करणं. आजच्या पेपरात तोही भेटतो, फक्त नाव न सांगता.

तेव्हा सराव करताना एक करा. उतारा वाचून झाला की पर्याय हाताने झाका, न छापलेलं वाक्य समासात स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मगच हात उचला.