छातीत दुखतंय, जिममुळे की हृदयामुळे? रक्त कसं सांगतं?

काल जिममध्ये वजन जरा जास्तच उचललं आणि आज छाती दुखतेय. मनात पहिली शंका येते हार्ट अटॅकची. अशा वेळी रुग्णालयात ईसीजीसोबत ‘ट्रोपोनिन’ ही रक्त तपासणी करतात. ती नेमकं काय शोधते? उत्तर स्नायूंच्या प्रकारांत आहे.

छाती, दंड, मांडी यांचे स्नायू ऐच्छिक, म्हणजे आपल्या हुकमावर चालणारे. असे ६०० हून अधिक स्नायू शरीरात आहेत. ते दमतात, पण दुरुस्तही होतात. त्यांच्या पेशींना चिकटून राखीव पेशी असतात. म्हणून व्यायामाचं दुखणं चार-पाच दिवसांत जातं. जठर, आतडी, रक्तवाहिन्या यांतले स्नायू अनैच्छिक, संथ आणि चिवट. अंगावर काटा येतो तोही यांच्यामुळेच.

हृदयाचा स्नायू तिसराच. सूक्ष्मदर्शकाखाली दंडासारखेच आडवे पट्टे दिसतात, पण त्याच्यावर हुकूम आपला चालत नाही. मिनिटाला ७२ ठोके धरले तरी दिवसाचे लाखाहून अधिक होतात. सुट्टी नाहीच.

आणि राखीव फौजही जवळपास नाही. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी भन्नाट युक्ती वापरली. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएमध्ये किती उतरला, यावरून त्यांनी हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो. तो आकुंचन पावत नाही.

आता ट्रोपोनिन. आकुंचनाला लागणारं हे प्रथिन ऐच्छिक स्नायूंतही असतं, पण हृदयातलं त्याचं रूप वेगळं. हृदयपेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं आणि तपासणी नेमकं तेच रूप पकडते. पूर्वी भर असलेलं सीपीके मात्र जोरदार व्यायामानेही वाढतं.

ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. त्यामुळे पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबवून पुन्हा रक्त घेतात, वैतागू नका. किडनीच्या आजारात किंवा हृदयाला सूज आल्यावरही ते वाढू शकतं, म्हणून ईसीजी आणि लक्षणं सोबत पाहिली जातात.

छातीत दडपण, घाम, हात किंवा जबड्यात कळ असेल तर ‘जिमचंच असेल’ म्हणत घरी बसू नका. १०८ वर फोन करा.