आयात मत्स्यखाद्य आणि किरणोत्सर्गाची भीती : फुकुशिमानंतर काय पाहावे?

बेंगळुरूच्या शोभिवंत माशांच्या बाजारात जपानी खाद्याला मान आहे. कोई आणि गोल्डफिशचा रंग खुलवणारे खाद्य म्हणून दुकानदार ते पुढे करतो, आणि हेसरघट्टा परिसरातील मत्स्यसंवर्धकही प्रजनक माशांसाठी ते राखून वापरतात. मात्र ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात अपघात झाला, आणि डब्यावरचे ‘जपान’ हे नाव अनेकांच्या मनात शंका उभी करू लागले. २४ ऑगस्ट २०२३ पासून त्या केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडण्यास प्रारंभ झाला, तेव्हा तीच शंका पुन्हा डोके वर काढती झाली. हे खाद्य माशांना, आणि ते हाताळणाऱ्या माणसांना, सुरक्षित आहे काय?

ही भीती निराधार नव्हती. २०१३ च्या प्रारंभी केंद्राच्या बंदरात पकडलेल्या एका माशात प्रति किलो ७,४०,००० बेकरेल इतके किरणोत्सारी सिझियम आढळले. जपानमध्ये सामान्य अन्नासाठी मर्यादा आहे प्रति किलो १०० बेकरेल. अर्थात, तो मासा बाजारासाठी पकडलेला नव्हता. खाद्याच्या वाटेने दूषितता कशी पसरते, याचे अधिक बोलके उदाहरण जमिनीवर घडले. अपघाताच्या वेळी शेतात उघड्यावर पडलेल्या भाताच्या पेंढ्यावर सिझियम बसले. बाहेर ठेवलेला चारा जनावरांना घालू नये, अशी सूचना शासनाने पशुपालकांसाठी काढली होती. परंतु पेंढा विकणाऱ्या भातशेतकऱ्यांपर्यंत ती नीट पोहोचली नाही. पेंढा दुसऱ्या जिल्ह्यांत गेला, गुरांनी खाल्ला, आणि जुलै २०११ मध्ये दूषित गोमांस विक्रीला गेल्याचे उघड झाले. विस्तार कार्यकर्त्यांनी हे प्रकरण विसरू नये. सल्ला योग्य होता, तो ज्याच्या हाती माल होता त्यालाच मिळाला नाही.

त्यानंतर पशुखाद्यासाठी स्वतंत्र मर्यादा ठरल्या. २०१२ मध्ये त्या अधिक कडक झाल्या : गुरांसाठी १००, कोंबड्यांसाठी १६०, डुकरांसाठी ८०, आणि संवर्धित माशांच्या खाद्यासाठी अवघी ४० बेकरेल प्रति किलो. माशांसाठीच मर्यादा एवढी खाली का? सिझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचा भाऊबंद आहे. शरीर त्याला पोटॅशियम समजून स्नायूंत साठवते, आणि माशाचे शरीर म्हणजे बहुतांशी स्नायूच. त्यातही भेद आहे. सागरी मासा समुद्राचे खारे पाणी पितो आणि नको असलेले क्षार सतत बाहेर टाकतो. त्याच्याबरोबर सिझियमही जाते. गोड्या पाण्यात क्षारांची चणचण असते, म्हणून तेथील मासा ते धरून ठेवतो. घरातील काचपेटीतले बहुतेक मासे या दुसऱ्या गटातले.

आता काळाचा हिशेब. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणजे ते २०११ मध्येच संपले. सिझियम-१३४ चे सुमारे दोन वर्षांचे. तेही जवळजवळ नाहीसे झाले आहे. उरते सिझियम-१३७, तीस वर्षांचे. पण त्याचा अंश खाद्यात येण्यासाठी कच्चा माल दूषित पाण्यातला असावा लागतो. बेंगळुरूत ओळखीचे असलेले हिकारी हे खाद्य बनवणारी कंपनी हिमेजी शहरातील आहे. ते फुकुशिमापासून सहाशे किलोमीटरहून दूर आहे. हे अंतर दिलासा देणारे असले तरी निर्णायक नव्हे. माशांची भुकटी हा जागतिक व्यापाराचा माल आहे आणि तिचा मोठा वाटा पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरून येतो. कारखान्याचा पत्ता आणि माशाचा पत्ता वेगळा असू शकतो, दोन्ही दिशांनी.

समजा, एखाद्या खाद्यात प्रति किलो १०० बेकरेल सिझियम-१३७ आहे, म्हणजे मत्स्यखाद्याच्या मर्यादेच्या अडीचपट. ५० ग्रॅमच्या डब्यात ते ५ बेकरेल भरेल. घरातल्या माणसाने तो सगळा डबा खाऊन टाकला, तरी त्याला मिळणारी मात्रा ०.०७ मायक्रोसिव्हर्टपेक्षा कमी राहील. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. शिवाय प्रत्येक ग्रॅम पोटॅशियममध्ये सुमारे ३१ बेकरेल नैसर्गिक किरणोत्सार असतो. किलोभर कोरड्या खाद्यात सात-आठ ग्रॅम पोटॅशियम धरले तर तोच आकडा दोनशेच्या वर जातो. त्यामुळे ऑनलाइन मिळणारे खिशातले गायगर यंत्र डब्याजवळ धरून काही निष्पन्न होत नाही. सिझियम वेगळे ओळखण्यास गॅमा वर्णपटमापन करणारी प्रयोगशाळाच लागते.

भारताने ५ एप्रिल २०११ रोजी जपानी अन्नपदार्थांची आयात तीन महिने थांबवण्याचे जाहीर केले होते; काही दिवसांतच तो निर्णय मागे पडला. ती चर्चा माणसांच्या अन्नाची होती. पशुजन्य घटकांचे आयात खाद्य पशुधन आयात कायदा, १८९८ खालील परवान्याने येते, आणि त्या व्यवस्थेचा मुख्य रोख रोगजंतूंवर आहे.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. काही पाकिटांवर ‘गॅमा किरणांनी निर्जंतुक’ असे लिहिलेले असते. ते वाचून डबा परत करणारे ग्राहक आहेत. वस्तुतः लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात २००७ पासून अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यावर हीच प्रक्रिया झाली आहे. कोयीतील सोंडकिडा तेथे पोहोचू नये, हा हेतू. किरण फळातून आरपार जातात, किडीची प्रजननक्षमता संपवतात. फळ किरणोत्सारी होत नाही. दिव्याखाली ठेवलेले भांडे स्वतः दिवा होत नाही, तसेच हे. मत्स्यखाद्याच्या बाबतीत ही प्रक्रिया उलट पथ्यावर पडते.

कारण या शहरात माशांचे खाद्य बिघडते ते बहुधा अगदी घरगुती कारणांनी. मोठे पोते फोडून पारदर्शक पिशव्यांत सुटे विकलेले खाद्य पावसाळी दमट हवेत बुरशी धरते, आणि अफ्लाटॉक्सिन माशाच्या यकृतावर घाला घालते. तांबडे भुंगेरे व सिगारेट भुंगेरे अशा खाद्यात सहज वाढतात. तेल खवट होते. रामनगरच्या रेशीम उद्योगातून मिळणारे कोषकिडे प्रथिनांनी समृद्ध असले, तरी त्यांतील चरबी न काढता साठवले तर हीच गत. आणि जिवंत खाद्य म्हणून विकले जाणारे ट्युबिफेक्स कृमी सांडपाण्याच्या गाळात वाढतात. जड धातूंची आणि रोगजंतूंची शक्यता तेथे कितीतरी जवळची आहे. जपानी डब्याकडे संशयाने पाहणारा ग्राहक या कृमींची पिशवी मात्र बिनदिक्कत घेतो.

खरेदीच्या वेळी आयातदाराचे नाव, उत्पादनाची तारीख आणि कारखान्याचे मूळ सील पाहावे. किरणोत्साराविषयी शंका असल्यास ठोक घेणाऱ्या संवर्धकाने आयातदाराकडून त्या खेपेचा सिझियमचा तपासणी अहवाल मागावा. त्यात बेकरेल प्रति किलोचा आकडा आणि उपकरणाची किमान शोधमर्यादा दोन्ही असली पाहिजेत. उघडलेला डबा हवाबंद ठेवून महिना-दीड महिन्यात संपेल, एवढाच घ्यावा.