गर्दीत मुलांसाठी कोरीव बिल्ला

कोलकात्याच्या बागबाजारमधल्या शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक दुर्गापूजेत दशमीला सिंदूरखेळाची प्रचंड गर्दी असते. मुलाच्या हातावर पेनने लिहिलेला फोन नंबर घामाने पुसला जातो, धातूवर कोरलेला टिकतो. तुमच्या क्राफ्ट कटिंग मशीनला कोरणीचे टोक बसत असेल तर असा बिल्ला घरीच करा.

रंगीत अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा पातळ, सपाट बिल्ला घ्या. रंगाचा थर खरवडला की खालची चंदेरी अक्षरे उठून दिसतात. बिल्ला मॅटवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. तो सरकला तर आकडे बिघडतील. आधी जादा तुकड्यावर चाचणी घ्या. शेवटी धातूचा कीस ओल्या कापडाने टिपा.

बिल्ल्यावर फक्त नंबर कोरा. मुलाचे नाव नको, अनोळखी माणूस त्याच नावाने हाक मारू शकतो. बिल्ला गळ्यात अडकवू नका, कमरेच्या पट्ट्याला लावा.