नर उंदीर, बायकांचा आजार

प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात एक थोराड पांढरा उंदीर आहे. स्वभावाने भांडखोर, तसाच पारखून आणलेला. त्याच्या पिंजऱ्यात एक लहानखुरा काळा उंदीर सोडतात. पाच-दहा मिनिटं पांढरा त्याला चावतो, लोळवतो, कोपऱ्यात दाबतो. मग मध्ये भोकं असलेली पारदर्शक भिंत सरकवली जाते. मार थांबतो, पण मारणाऱ्याचा वास आणि नजर दिवसभर सुटत नाही. दुसऱ्या दिवशी नवा पांढरा उंदीर, पुन्हा मार. असे दहा दिवस. त्यानंतर समोर अनोळखी उंदीर आला, की बरेचसे काळे उंदीर लांबच राहतात, कोपरा धरून बसतात. साखरेचं पाणी ठेवलं तरी त्याची गोडी उरलेली नसते.

माणसाच्या नैराश्यात मेंदूत काय घडतं याचा माग काढण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा हा प्रयोग करत आल्या आहेत. त्यात एक मेख आहे. नर उंदीर सहसा मादीवर हल्ला करत नाही. त्यामुळे मारणारेही नर आणि मार खाणारेही नरच.

आणि आजार कोणाला जास्त होतो? बायकांना. आयुष्यात कधी ना कधी नैराश्याच्या आजारातून जाणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट असल्याचं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. लहान मुला-मुलींत ही तफावत नसते. वयात येण्याच्या सुमारास ती दिसू लागते.

मादी उंदीर वगळण्यामागे एक ठरलेलं उत्तर असे: त्यांचं चार-पाच दिवसांचं हार्मोनचं चक्र सगळा हिशेब बिघडवतं. या सवयीची मोजदाद २०११ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मेंदूविज्ञानात फक्त नरांवर झालेले अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट निघाले. तीन वर्षांनी दुसऱ्या एका पाहणीने ते उत्तरही मोडीत काढलं: माद्यांची मोजमापं नरांपेक्षा जास्त हेलकावे खात नाहीत. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६पासून अनुदान मागणाऱ्यांसाठी अट घातली: प्राणी वापरणार असाल तर दोन्ही लिंगांचा विचार करा, नाहीतर का नाही ते सांगा.

दुसरा अर्धा भाग उघडून पाहिल्यावर जे दिसलं, ते अनपेक्षित होतं.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय संस्थेतल्या एरिक नेस्लर यांच्या प्रयोगशाळेने बेन्वा लाबोंते यांच्या पुढाकाराने २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूनंतर जतन केलेल्या मेंदूंचे सहा भाग त्यांनी तपासले. काही मेंदू नैराश्य असलेल्यांचे, काही नसलेल्यांचे. प्रत्येक पेशीत जनुकांचा संच जवळपास तोच असतो. फरक पडतो तो कोणतं जनुक जोरात कामाला लागलंय आणि कोणतं हात बांधून बसलंय, यात. नैराश्यात हे कामकाज बदलतं, हे माहीत होतं. पण आजारी पुरुषांत बदललेली जनुकं आणि आजारी स्त्रियांत बदललेली जनुकं यांच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर सामायिक नावं अगदी थोडी निघाली. लक्षणं सारखी, निदान एकच, आणि आतला बिघाड बराचसा वेगळा. तापासारखंच हे: थर्मामीटरला मलेरिया आणि टायफॉइड यांतला फरक कळत नाही.

पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या मेरियन सेनी आणि सहकाऱ्यांना याहून चमत्कारिक गोष्ट दिसली. काही जनुकं दोघांतही बदलली होती, पण त्यातली बरीचशी उलट दिशांनी. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात; राखण आणि साफसफाई हे त्यांचं काम. त्यांच्याशी संबंधित जनुकांची हालचाल नैराश्यग्रस्त पुरुषांत वाढलेली, तर स्त्रियांत घटलेली दिसली. समजा, उद्या या पेशींना आवर घालणारं औषध आलं. ते दोघांना सारखंच लागू पडेल असं गृहीत कसं धरायचं?

ताणाच्या यंत्रणेतही असाच फरक सापडतो. संकट आलं की मेंदूत सीआरएफ नावाचं रसायन सुटतं आणि पेशीवरच्या ग्राहकांना चिकटून त्यांना जागं करतं. ग्राहक म्हणजे दारावरची बेल समजा. बेल सारखी वाजू लागली, की नर उंदरांच्या पेशी काही बेला भिंतीवरून काढून आत ठेवून देतात. गोंगाट कमी होतो. डेब्रा बँगासर आणि रीटा व्हॅलेंटिनो यांनी २०१० साली दाखवलं, की माद्यांच्या पेशी ताणानंतर बेला तशा आत घेत नाहीत. बाहेरचा ताण तेवढाच, पण आत बेल वाजतच राहते.

इथे कोणीतरी म्हणणारच, ‘म्हणजे शेवटी सगळं हार्मोन्सचं!’ गोष्ट इतकी सरळ नाही. पाळीपूर्वी तीव्र मानसिक त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रियांवर पीटर श्मिट यांच्या गटाने केलेला प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. औषधाने अंडाशयांचं काम थांबवलं, तेव्हा त्रास होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना आराम पडला. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिल्यावर त्यांचा त्रास परतला. त्रास नसणाऱ्या स्त्रियांना तीच हार्मोन्स दिली, तर काहीच झालं नाही. हार्मोन तेच, ज्या मेंदूत ते पोचतं, तो वेगळा. म्हणूनच नुसती रक्ततपासणी करून ‘तुमची हार्मोन्स नॉर्मल आहेत’ असं सांगितल्याने अशा बाईचा प्रश्न सुटत नाही.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा धागाही इथेच जुळतो. प्रोजेस्टेरॉनपासून शरीर ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनवतं. मेंदूची उत्तेजना शांत करणाऱ्या यंत्रणेला तो हातभार लावतो. गरोदरपणात त्याची पातळी चढत जाते आणि बाळंतपणानंतर झपाट्याने कोसळते. बहुतेक बाळंतिणींचा मेंदू ही उतरण सांभाळून घेतो. काहींचा घेत नाही. या समजुतीतून तयार झालेल्या ब्रेक्सानोलोनला अमेरिकेत मार्च २०१९मध्ये मान्यता मिळाली. ते साठ तास सलाईनमधून द्यावं लागे. ऑगस्ट २०२३मध्ये त्याच जातकुळीतल्या झुरॅनोलोनला मान्यता मिळाली, चौदा दिवस रोज घ्यायच्या कॅप्सूलच्या रूपात.

पण बाळंतीण प्रयोगशाळेत राहत नाही, घरात राहते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात गरोदर स्त्रियांची नोंद करून बाळंतपणानंतर त्यांची पुन्हा भेट घेतली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती आणि मुलगी होणंही होतं. मुलगा की मुलगी याचं ॲलोप्रेग्नॅनोलोनला काय पडलंय? ते पडलेलं असतं घरच्यांना. पण त्या घरात सोसलेला ताण शेवटी ज्या मेंदूत उतरतो, त्याच मेंदूत बाळंतपणानंतर हार्मोन्सही कोसळत असतात.

पुरुषांच्या बाजूने पाहिलं, तर ‘दुप्पट’ हा आकडाही थोडा डळमळतो. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या एका विश्लेषणात नेहमीच्या लक्षणांबरोबर रागाचे झटके, दारू आणि जिवावर उदार होऊन वागणं हेही मोजलं. तेव्हा ३०.६ टक्के पुरुष आणि ३३.३ टक्के स्त्रिया निकषात बसल्या. फरक जवळपास पुसला गेला. आपल्याकडे चिडचिड्या, रोज संध्याकाळी बाटली उघडणाऱ्या माणसाला ‘डोकं फिरलंय त्याचं’ म्हणून सोडून देतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यात पुरुष जवळपास ७२ टक्के होते. मनात असे विचार येत असतील, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत बोलता येतं.

यावरून ‘बाईचा मेंदू’ आणि ‘पुरुषाचा मेंदू’ असे दोन डबे करायचे कारण नाही. तेल अवीवच्या डॅफ्ना जोएल यांनी २०१५ साली १४००हून अधिक मेंदूंची छायाचित्रं तपासली. बहुतेकांत स्त्रियांमध्ये जास्त आढळणारी आणि पुरुषांमध्ये जास्त आढळणारी वैशिष्ट्यं एकत्र नांदत होती. वर सांगितलेले फरक समूहांच्या सरासरीचे आहेत. दवाखान्यात समोर बसलेल्या एका माणसाचं औषध आज तरी त्यांवरून ठरत नाही.

उंदरांच्या पिंजऱ्यातली अडचण मात्र सुटली आहे, तीही फारशी सोज्वळ नसलेल्या युक्तीने. संशोधकांनी मादीच्या अंगाला नराचं मूत्र चोपडलं. पांढऱ्या उंदराने वास घेतला, समोर प्रतिस्पर्धी आहे असं मानलं आणि हल्ला चढवला. ही पद्धत २०१८ साली छापून आली. आता मध्ये सरकवलेल्या त्या पारदर्शक भिंतीच्या पलीकडे माद्याही बसलेल्या असतात.