नोकरीत असताना अपंगत्व आलं तर

एसटीत वाहक असो की जिल्हा परिषदेत शिपाई, अपघातात पाय गेला, नजर गेली, की घरचेच म्हणतात, "आता दे राजीनामा." आम्ही सांगतो, घाई करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सरकारी नोकरीत हे संरक्षण देतं. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. जुनं काम झेपत नसेल, तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. तशी जागा रिकामी नसेल, तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचं. म्हणून राजीनाम्याऐवजी दिव्यांग प्रमाणपत्र जोडून दुसऱ्या कामासाठी लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.